पेत्राला बोलावलं होतं

बस्त्यावचे डोळे मिटतायत आणि तो ते मिटू देत नाहीये.

दुपार आहे. नाताळच्या आधीचे दिवस. वारा पडलाय, दर्या तापलेल्या पत्र्यासारखा पांढरा झालाय आणि बोट नांगरावर उभी आहे. डोल पाण्यात आहे. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं. भरतीचं पाणी तोंडातून आत शिरतं, बोंबील, मांदेली मागे अडकतात, आणि पाणी थांबायला आलं की जाळं ओढायचं. तोवर कोळ्याला काही काम नसतं. तोवर झोपायचं. बोटीच्या पुढच्या टोकाला, ताडपत्रीच्या सावलीत, दुमिंगकाका आणि एक खलाशी केव्हाचे घोरतायत.

बस्त्याव मात्र मागे सुकाणूपाशी बसून पाण्याकडे बघतोय. पावसाळा सरल्यापासून तो असाच बघतो. काही तरंगताना दिसलं की त्याची मान आपोआप वळते. कधी तो थर्मोकोलचा तुकडा असतो, कधी नारळ, कधी नुसती सावली.

सकाळी बंदरातून निघताना दुमिंगकाका बोललेच होते. “बस्त्याव, दर्याकडे मासळी बघायला बघावं. माणूस बघायला बघू नये.”

“मी कुठं काय बघतो?”

“मला विचारतोस? तुझ्या बापसाबरोबर मी या पाण्यात म्हातारा झालो. झोपतोस का तू रात्री?”

झोपायची बस्त्यावला भीती वाटते, कारण डोळे मिटले की तीच एक लाट येते. ती त्याने पाहिलेलीही नाही. दुमिंगकाकांनी पाहिली होती. हंगामाच्या सुरुवातीलाच, दर्या अजून नीट निवलेला नसताना, त्याचा थोरला भाऊ सांतान हीच बोट घेऊन बाहेर पडला होता. वारा फिरला. जाळ्याचा दोर पंख्यात अडकला म्हणून सांतान काठावरून वाकला, तेवढ्यात बाजूने लाट आली. लाट गेली तेव्हा काठावर कोणी नव्हतं. एकदा त्याचं डोकं दिसलं, एकदा हात दिसला. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या. काहीही सापडलं नाही.

सापडलं नाही हीच तर सगळी अडचण आहे.

त्यांची आय, कतरीन, हे मानायलाच तयार नाही. फादर घरी आले, ओट्यावर बसले, हळू आवाजात म्हणाले, “कतरीनबाय, त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून देवळात मिस्सा सांगू या.” आयने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “फादर, दुमिंगने माझ्या पोराला बुडताना पाहिलं. मेलेला कोणी पाहिला?”

“इतके दिवस झाले, बाय.”

“लाजरसाला मरून चार दिवस झाले होते. मार्था काय म्हणाली? प्रभो, आता वास मारत असेल. सख्खी बहीण असून म्हणाली! पुढं तो कबरीतून उठून कसा बाहेर आला ते तुम्हीच दर वर्षी वाचून दाखवता.”

आयला वाचता येत नाही, पण देवळात ऐकलेलं सगळं तिला पाठ आहे, आणि आता ती एकेकाला साक्षीला उभं करते. योनाला माशाने गिळलं होतं, तो किनाऱ्यावर आला. याईराच्या मुलीवर लोक रडून मोकळे झाले होते, ती उठली आणि जेवायला बसली. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी सगळा कोळीवाडा मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेला. आयने दार लावून घेतलं. सांतानच्या बायकोने, फिलूने, एक मेणबत्ती पदराखाली लपवून नेली होती. आयने मागोमाग धावत जाऊन ती रस्त्यात हिसकावून घेतली. “माझ्या जित्या पोराला मेणबत्ती लावतेस?” सगळ्यांदेखत.

तेव्हापासून फिलू बोलत नाही. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. भिंतीला टेकून बसते. दोन घास खाते, आणि तेही कोणी समोर बसलं तर. संध्याकाळ झाली की आय वेशीवर जाते, तोंडाशी हात धरते आणि दर्याकडे बघून हाका मारते. “सांतान! ये रे! सांतान!” गल्लीतल्या बायका पोरांना आत ओढून घेतात. दोघींच्या मध्ये बस्त्याव उभा. आयला सांगायचं धैर्य नाही, फिलूकडे बघायचं धैर्य नाही.

म्हणून तो पाण्याकडे बघतो. काही तरी सापडावं. हाड सापडावं, कपड्याची चिंधी सापडावी. काहीही.

त्याची मान छातीवर येते. तो दचकून वर बघतो. पुन्हा येते.

बोट हलायची थांबते.

हे त्याच्या लगेच लक्षात येतं. नांगरावरची बोट कधीच पूर्ण थांबत नाही, श्वास घेतल्यासारखी वरखाली होत राहते. आता ती जमिनीत पुरल्यासारखी उभी आहे. फळ्यांवर आपटणाऱ्या पाण्याचा आवाजही बंद झालाय. ताडपत्रीखालचं घोरणंही.

“बस्त्याव, सुकाणू सैल सोडलंयस.”

आवाज डाव्या हाताला, पाण्याकडून. बस्त्याव सवयीने सुकाणू घट्ट धरतो, आणि मग त्याच्या अंगावर काटा येतो.

सांतान पाण्यावर उभा आहे. बोटीपासून वल्हं पुरेल एवढ्या अंतरावर. तीच निळी हाफपँट, तोच बनियन. पायाखाली पाणी आहे, पण पाय बुडालेले नाहीत. केस कोरडे आहेत, अगदी तेल लावून विंचरल्यासारखे.

“दादूस?”

“मग कोण?”

“तू कोरडा कसा?”

सांतान स्वतःच्या हातांकडे बघतो, जसं काही हे त्याच्या आत्ताच ध्यानात आलं. “खरंच की,” तो म्हणतो. “तू मात्र भिजलायस.”

बस्त्याव खाली बघतो. त्याच्या शर्टातून पाणी ठिबकतंय. बाह्यांतून, खिशातून. फळ्यांवर त्याचं थारोळं झालंय.

त्याला एवढंच वाटतं की जरा हललो तर हा जाईल. पाखरू काठावर बसावं आणि आपण श्वास रोखावा, तसा तो बसून राहतो.

“घाबरलास?” सांतान विचारतो.

“नाही.”

“खोटं बोलतोस. त्या बोटीतले सगळे घाबरले होते. भूत, भूत म्हणून ओरडले होते.”

कुठली बोट ते बस्त्यावला विचारावं लागत नाही. कोळीवाड्यात जन्मलेल्या कोणालाच विचारावं लागत नाही. दर पावसाळ्यात, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, बापूस जाळी विणत ती गोष्ट सांगायचा. वारा तोंडावर, लाटा बोटीला झोडपतायत, पहाटेची वेळ, आणि येशू पाण्यावरून चालत येतोय. बोटीतला त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, तूच असशील तर मला पाण्यावरून तुझ्याकडे यायला सांग. आणि तो म्हणतो, ये. पेत्र उतरतो, चालतो, मग वाऱ्याकडे बघतो आणि बुडायला लागतो, प्रभो, मला वाचव म्हणून ओरडतो. येशू हात पुढे करून त्याला धरतो. बापूस पेत्राबद्दल असं बोलायचा की जणू तो पलीकडच्या गल्लीत राहतो. आपल्यातला माणूस, जाळी धुणारा, उतावळा, तोंडाचा फटकळ. आणि गोष्ट संपली की दर वेळी म्हणायचा, “सगळं खरं. पण उतरताना पेत्राने सुकाणू कोणाच्या हातात दिलं, ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.” दोघे भाऊ हसायचे.

“दादूस, घरी चल,” बस्त्याव म्हणतो.

“चल.”

इतकं सोपं? बस्त्याव उठतो, आणि त्याच्या पायांखाली फळ्या नसून लाद्या आहेत.

देऊळ आहे. आपलंच देऊळ, काळ्या-पांढऱ्या लाद्यांचं. पण लाद्यांवर घोट्याएवढं पाणी आहे, स्वच्छ, आणि त्यात छताचं प्रतिबिंब हलतंय. बाकं रिकामी आहेत. सांतान पुढे चालतोय, त्याच्या पावलांनी पाणी उडत नाही. बस्त्यावच्या पावलांचा मात्र छपछप आवाज होतो, आणि तो आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येतो.

डावीकडच्या कोनाड्यात संत पेत्राची मूर्ती असते. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बोटीचा तांडेल तिच्या पायाला हात लावून जातो. त्या पायाच्या अंगठ्याचा रंग कधीच उडून गेलाय. बस्त्याव हात पुढे करतो. कोनाडा रिकामा आहे. नुसता ओला दगड.

“हा कुठं गेला?”

“आयने बोलावलं असेल,” सांतान म्हणतो. “ती हल्ली सगळ्यांनाच बोलावते. काल लाजरस आला होता. दमलेला दिसत होता.”

हे ऐकून हसावं की पळावं, बस्त्यावला कळत नाही. “लाजरस उठला होता, दादूस,” तो म्हणतो. आपण आयच्या बाजूने बोलतोय हे त्याला उमगतं, पण तोंड थांबत नाही. “चार दिवसांनी उठला. तू तर पोहणारा माणूस आहेस.”

सांतान थांबतो, वळतो. “लाजरस उठला. आणि मग पुन्हा मेला. त्याच्या बहिणींना दोनदा रडावं लागलं. ते कोणी वाचत नाही.”

“मग तू…”

“मी काय?”

बस्त्यावला तो शब्द विचारता येत नाही. लाद्यांवरचं पाणी पोटरीपर्यंत चढलंय. समोर वेदी असायला हवी, तिथे त्यांच्या घराचं स्वयंपाकघर आहे. चुलीवर कालवण रटरटतंय. आय पाटावर बसून भात वाढतेय. तिची पाठ त्यांच्याकडे आहे. वाढते, ताट मागे सरकवते, दुसरं ताट घेते. ताटांची रांग भिंतीपर्यंत गेलीय. कोपऱ्यात फिलू बसलीय, तिच्या कमरेपर्यंत पाणी आहे, आणि ती उठत नाहीये.

“वहिनी! ऊठ!” बस्त्याव ओरडतो.

फिलू त्याच्याकडे बघतही नाही. ती सांतानकडे बघतेय. तिचे ओठ हलतात. आवाज येत नाही.

“आत जा ना!” बस्त्याव भावाच्या पाठीला हात लावायला जातो आणि लावत नाही. “दादूस, जा! तिला उठव!”

सांतान उंबऱ्याशी उभा आहे. एक पाय उचलतो, उंबऱ्यावर आणतो, पुन्हा खाली ठेवतो. पुन्हा उचलतो. घामाने त्याचं कपाळ चमकतंय. कोरड्या अंगावर तेवढाच ओलावा.

“येता येत नाही रे.”

तेवढ्यात आय मान वळवते. चेहरा तिचाच आहे, पण तोंड वेशीवरच्यासारखं उघडं आहे, दोन्ही हात तोंडाशी. “सांतान! ये रे!” ती हाक मारते. आवाज एवढा मोठा की चुलीवरचं भांडं थरथरतं. आणि सांतान, सहा फूट उंचीचा सांतान, गळाला लागलेल्या मासळीसारखा पुढे ओढला जातो. उंबऱ्यावर आपटतो. मागे पडतो. पुन्हा हाक. पुन्हा ओढला जातो, पुन्हा आपटतो.

“आय, थांब!” बस्त्याव किंचाळतो. “त्याला लागतंय!”

ती ऐकत नाही. तिला तो दिसतही नाही.

“तिला सांग,” सांतान धापा टाकत म्हणतो. “रोज होतं हे. रोज संध्याकाळी. मला पुढं जायचं असतं, पाय सुटत नाहीत. तिला सांग, हाक मारू नको.”

“मी नाही सांगणार.”

“का?”

“सांगितलं की तू गेलास!”

शब्द बाहेर पडले आणि स्वयंपाकघर नाही. चूल नाही, आय नाही. पुन्हा पांढरा दर्या, पुन्हा बोट, आणि बस्त्याव काठाला दोन्ही हातांनी धरून उभा आहे. सांतान पाण्यावर आहे, पण मघापेक्षा लांब. पाठमोरा. चालतोय.

“दादूस!”

तो थांबत नाही.

“दादूस, थांब! मी येतो!”

आता तो थांबतो. वळतो. “येऊ नको.”

“तुला घेऊन परत येतो. धरून आणतो. तू उंबऱ्यावर अडतोस ना, मी आत ओढतो.”

“बस्त्याव, सुकाणूपाशी बस.”

बस्त्यावने एक पाय काठावर ठेवलाय. त्याच्या छातीत असं काही तरी वर चढतंय की ते भय आहे की आनंद, त्याला सांगता येत नाही. इतके दिवस पाण्याकडे बघितलं, आणि आता तो समोर आहे, हाकेच्या अंतरावर. चार पावलं, की हात पुरेल. फक्त उतरायचं.

“पेत्र गेला होता,” तो म्हणतो. “पेत्र उतरला होता की नाही?”

सांतानचा चेहरा बदलतो. आत्तापर्यंत तो शांत होता, उंबऱ्यावर आपटतानासुद्धा शांत होता. आता पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत भीती दिसते.

“पेत्राला बोलावलं होतं,” तो म्हणतो. “ये म्हणून बोलावलं होतं. मी तुला बोलावलेलं नाही. ऐकतोस का? मी ये म्हटलेलं नाही!”

“मग म्हण!”

“नाही म्हणणार.”

“एकदा म्हण, दादूस.”

“बस्त्याव, मागे हो!”

तो उतरतो.

उजवं पाऊल पाण्यावर पडतं आणि पाणी ते धरतं. खरंच धरतं. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूसारखं घट्ट, गार. बस्त्यावला हसू फुटतं. त्याला वाटतं, बापूस बघायला हवा होता. तो दुसरा पाय काठावरून उचलतो आणि सांतानकडे हात लांब करतो.

“हे बघ! दादूस, हे बघ!”

पायाखालची वाळू सरकते.

तो सरळ खाली जातो. गुडघा, मांडी, कंबर. गारवा असा की हाडं मुठीत धरून पिळावीत. तोंडात खारट पाणी. पेत्र काय ओरडला होता ते त्याला माहीत आहे, लहानपणापासून पाठ आहे, पण ते शब्द येत नाहीत. त्याच्या तोंडून “आय!” एवढंच निघतं आणि तेही पाणी गिळून टाकतं. वर पांढरा उजेड लांब जातो, लांब जातो, ताटाएवढा होतो.

मग कोणी तरी त्याचं मनगट धरतं.

पकड अशी की हाड मोडेल. आणि पहिला विचार त्याच्या मनात येतो तो वाईट आहे: हा मला खाली ओढतोय. एकटा आहे, बरोबर न्यायला आलाय. तो हात सोडवायला झटापट करतो, लाथा मारतो, मोकळ्या हाताने ती बोटं उचकटू बघतो. बोटं सुटत नाहीत. पाण्यातून सांतानचा चेहरा जवळ येतो, इतका जवळ की दुसरं काही दिसत नाही, आणि तो चेहरा रागाने लाल झालाय. लहानपणी बस्त्याव धक्क्याच्या टोकाशी खेळायला गेला की सांतान असाच रागवायचा. आधी कानाखाली द्यायचा, मग जवळ घ्यायचा.

“तिला सांग,” तो चेहरा म्हणतो. पाण्यात असूनही प्रत्येक अक्षर स्वच्छ. “आणि फिलूला उठव.”

सांतान त्याला ओढत नाही. ढकलतो. मनगट धरून, सगळं बळ लावून, वर आणि मागे ढकलतो, जाळ्यातली नको असलेली चीज परत दर्यात भिरकावावी तसा.

“बस्त्याव! अरे बस्त्याव! हलू नको!”

डोळे उघडतात तेव्हा ऊन आहे. बोट हलतेय. बस्त्याव काठावर बसलाय, घोड्यावर बसावं तसा, एक पाय आत आणि दुसरा बाहेर, मांडीपर्यंत पाण्यात. दुमिंगकाका फळ्यांवरून धडपडत येतायत. बोटीच्या पुढच्या टोकापासून येतायत, अजून पोचलेले नाहीत. ते येतात, त्याच्या काखेत हात घालतात आणि दोघेही आतल्या बाजूला कोसळतात. मागून खलाशी उठून उभा राहतो, झोपेतून तोंड वासून.

दुमिंगकाका त्याच्या थोबाडीत मारतात. मग त्याचं डोकं आपल्या छातीशी धरतात.

“काय करत होतास? दर्याने एकाला गिळताना पाहिलं, आता दुसऱ्याला बघू?”

“तुम्ही मला धरलंत?”

“आत्ता धरलं. लांबून ओरडत होतो मी. तू निम्मा बाहेर गेला होतास, बस्त्याव. तोल गेलेला. आता जातोच म्हटलं. आणि तू एकदम मागे आलास.” त्यांना पुढचं बोलायचं नसतं, पण बोलतात. “समोरून कोणी छातीवर रेटावं तसा मागे आलास.”

बस्त्याव उजवा हात वर करतो. मनगटावर लाल वळ आहेत. एका बाजूला चार, जवळजवळ, आणि दुसऱ्या बाजूला एक, रुंद. कडेला हळूहळू निळसर होत चाललेत.

दुमिंगकाका बघतात. आपल्या हाताकडे बघतात. मग छातीवर क्रुसाची खूण करतात आणि पाठ फिरवून खलाशाला म्हणतात, “बघत काय उभा राहिलास? पाणी थांबलं. जाळं ओढ.”

त्यांनी जाळं ओढलं. किती मासळी आली ते बस्त्यावने पाहिलं नाही.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आय वेशीवर जायला निघाली होती, पदर खोचत होती. बस्त्याव दारात आडवा उभा राहिला.

“आय, आज जाऊ नको.”

“बाजूला हो.”

“दादूस भेटला.”

आत भिंतीला टेकून बसलेल्या फिलूने मान वर केली. आय जागच्या जागी थांबली. बस्त्यावला वाटलं होतं ती विचारेल, कुठं, कधी, खरंच का. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला की बस्त्यावला बोलणं कठीण झालं. तरी तो बोलला. पाण्यावर उभा होता ते सांगितलं, उंबऱ्याचं सांगितलं. हाक आली की कसा ओढला जातो आणि आपटतो, तेही सांगितलं.

“हाक मारू नको म्हणाला, आय. पाय सुटत नाहीत म्हणाला.”

“स्वप्न पडलं तुला,” आय म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

त्याने हात पुढे केला.

आयने मनगट उजेडाकडे वळवलं. वळ आता गडद झाले होते. तिने आपली बोटं एकेक करून त्या खुणांवर ठेवली. चार ठिकाणी चार, मग अंगठा. तिचा हात छोटा पडला. खुणा तिच्या बोटांच्या पुढे गेल्या. ती बोटं तशीच ठेवून उभी राहिली. गल्लीतून कोणी तरी हाक मारून गेलं, तिला ऐकू आलं नाही.

“किती जोरात धरलं रे त्याने,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“घाबरला होता?”

“माझ्यासाठी घाबरला होता. त्याच्यासाठी नाही.”

आय उंबऱ्यावरच खाली बसली. पहिल्यांदा नुसता श्वास आला, मग दुसरा, आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांचं साठलेलं, मोठ्याने, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारच्या बायका दारात आल्या आणि पुढे यायचं धैर्य न होऊन तिथेच उभ्या राहिल्या. फिलू भिंतीपासून उठली. भिंत धरत धरत आली आणि सासूच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. आयने तिला कुशीत ओढलं. “माझ्यामुळं गं,” ती म्हणत होती, “तुला रडूसुद्धा दिलं नाही मी.” फिलूच्या तोंडून तेव्हा कुठे पहिला आवाज निघाला. तो शब्द नव्हता.

बराच वेळ गेला. आयने पदराने तोंड पुसलं.

“फादरना सांगून ये,” ती बस्त्यावला म्हणाली. “मिस्सा सांगा म्हणावं. सांतानच्या नावाने.”

“आता जातो.”

तो वळला, तेव्हा फिलूने त्याचा हात बघितला. इतक्या दिवसांनी ती बोलली, आणि तिचा आवाज घोगरा, परका वाटला.

“भाऊजी, हळद लावते त्याला. सूज येईल.”

“नको गं,” आय म्हणाली. तिने बस्त्यावच्या मनगटावरून अगदी हलक्या हाताने बोटं फिरवली आणि मग हात सोडून दिला. “जाईल तेव्हा जाईल.”